थंडीची झोप नव्हे

पत्र

डॉक्टर, आम्ही इंदिरानगरला राहतो. माझ्या चौदा वर्षांच्या मुलाने गेल्या जूनमध्ये हट्टाने मुंबईहून एक शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, आणला. व्हेल्ड जातीचा नर आहे, तीन महिन्यांचा आहे, असं दुकानदाराने सांगितलं. नाव ठेवलं राजा. काचेच्या टाकीत ठेवलाय, वर पिवळा बल्ब आहे, सकाळचं ऊन खिडकीतून आत येतं. खायला रातकिडे देतो, आणि दर रविवारी मुलगा मामाच्या दिंडोरीच्या द्राक्षबागेतून नाकतोडे धरून आणतो. डिसेंबरात राजाच्या अंगावर सुंदर निळे-पिवळे ठिपके उमटले. आम्ही म्हटलं, वयात आला. आता आठवडा झाला, काहीच खात नाही. आधी दोन दिवस खाली उतरून काचेचे कोपरे खरवडत होता. आता तळाशीच बसून असतो, भर दिवसा डोळे मिटलेले. पोट मात्र टम्म. दुकानदार म्हणतो, नाशिकची थंडी आहे, झोपतात ते. जवळच्या दवाखान्यात व्हिटॅमिनचे थेंब दिले, ते मुलगा सिरिंजने पाजतो. सासूबाई म्हणतात घोयरा घरात ठेवूच नये, विषारी असतो. फोटो पाठवते आहे. थंडी ओसरेपर्यंत वाट बघू का? आणि मुलाला काय सांगू? तो कुणाशी बोलत नाहीये.
एक आई

उत्तर

ताई, वाट बघू नका. हे उत्तर सदरात यायला दोन आठवडे लागतील आणि तितका वेळ आपल्या हातात नाही, म्हणून आज रात्रीच तुम्हाला जसंच्या तसं पाठवतो आहे. बाकीचं सगळं सवडीने वाचा. उद्या सकाळी पहिलं काम एक्स-रेचं.

तुमचा राजा मादी आहे. तिसऱ्या फोटोत मागचा पाय स्पष्ट दिसतो. व्हेल्ड शॅमेलिऑनच्या नराला मागच्या पायाच्या टाचेवर एक छोटा काट्यासारखा उंचवटा असतो, आणि तो अंड्यातून बाहेर पडल्यापासूनच असतो. तुमच्या राजाची टाच गुळगुळीत आहे. तुम्हाला आवडलेले ते गडद अंगावरचे निळे-पिवळे ठिपके या जातीच्या मादीवर उमटतात ते नराला 'लांब राहा' असं बजावण्यासाठी, आणि पोटात अंडी असताना. मग कोपरे खरवडणं आलं, मग फुगलेलं पोट, मग मिटलेले डोळे. चारही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतात. अंडी घालायला जागा शोधून ती थकली, जागा मिळाली नाही आणि अंडी आत अडकली, असा माझा अंदाज आहे. अंदाजच म्हणतो, कारण फुगलेल्या पोटाला दुसरीही कारणं असतात आणि फोटोवरून निदान करणारा डॉक्टर मी नाही. पण एक्स-रेमध्ये अंडी दिसतात. संशयाला जागा राहत नाही.

नर जवळ नसताना अंडी कशी, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. पोल्ट्रीतली कोंबडी कोंबड्याशिवाय रोज अंडं देतेच की. व्हेल्ड मादीचंही तसंच. सहा-आठ महिन्यांची झाली की बिनफळलेली अंडी धरू शकते, आणि एका खेपेला २० पासून ६०-७० पर्यंत. शंभर ग्रॅमच्या आसपासच्या जिवाला हे ओझं किती होत असेल, कल्पना करा.

आता माझी एक गोष्ट सांगतो, म्हणजे मी एवढी घाई का करतोय ते कळेल. माझी सारी नोकरी गाई-म्हशींमध्ये गेली. गोठ्यातल्या माणसाला काही सांगावं लागत नाही, गाईने रवंथ थांबवला की तो आपण होऊन दारात येतो. निवृत्तीनंतर कुत्री-मांजरी पाहू लागलो आणि एका जानेवारीत एका मुलीने डब्यातून शॅमेलिऑन आणून टेबलावर ठेवला. डोळे मिटलेले, खाणं बंद. बाहेर निफाडचा पारा पाच-सहावर आलेला. मीही हेच म्हणालो, थंडी आहे, ऊब द्या, चार दिवसांनी खाईल. चौथ्या दिवशी त्याच डब्यात मेलेला परत आला. तिच्या परवानगीने उघडून पाहिला. आत अंडी होती, खच्चून भरलेली. त्या मुलीला मी काय सांगितलं ते मला आठवत नाही, तिचा चेहरा आठवतो. त्यानंतर या प्राण्यांबद्दल जे शिकलो ते त्या डब्यामुळे.

शॅमेलिऑन आजार दाखवत नाही. झाडावर ज्याला सगळेच खायला टपलेले, त्याने अशक्तपणा दाखवला की तो संपला. म्हणून तो शेवटपर्यंत फांदी धरून ठेवतो, रंग सांभाळतो, समोरून किडा गेला तर एक डोळा फिरवून बघतोही. तुमच्या लक्षात येतं तेव्हा आजार नवा नसतो. म्हणून माझ्या लेखी एक खूण सगळ्यांत मोठी: उजेडात डोळे मिटणं. रात्री तो फांदीवर डोळे मिटून, फिकट पडून झोपतो, त्यात काळजीचं काही नाही. पण दिवसा जागा असलेला शॅमेलिऑन सतत डोळे फिरवत असतो, दोन्ही दोन दिशांना. भर दुपारी मिटलेला डोळा ही त्याच्याकडून आलेली पहिली आणि बहुतेक वेळा शेवटची हाक असते. दुसरी खूण जमिनीवर येऊन बसणं. हा झाडावरचा प्राणी. अंडी घालण्याचं काम नसताना तो खाली पडून असेल तर फांदी धरायची ताकद सरली आहे.

दुकानदाराचं म्हणणं अर्धं खरं आहे. ही जात मूळची येमेन आणि सौदी अरेबियाच्या डोंगराळ पट्ट्यातली. तिथे रात्री गार होतं, आणि धडधाकट जनावर ते सोसतं. पण दिवसा त्याला अंग शेकायला ऊन लागतं. ते मिळालं नाही तर खाल्लेलं पचत नाही, औषध लागू पडत नाही, अंडी ढकलायला स्नायू चालत नाहीत. आठवडाभर न खाता डोळे मिटून पडणं ही कुठलीच थंडीची झोप नव्हे.

आज रात्री काय करायचं ते सांगतो. ते थेंब बंद करा. सिरिंजने पाजताना घशाऐवजी श्वासनळीत गेलं तर फुप्फुसात उतरतं, आणि शॅमेलिऑनची श्वासनळी जिभेच्या मुळाशी अगदी समोरच उघडते. शिवाय व्हिटॅमिन अ आणि ड यांचा जादा डोसही अपायकारक असतो. पोट दाबून अंडी बाहेर काढायचा प्रयत्न कुणीही करू नये. युट्यूबवर एक जण करताना दिसतो, त्याचं ऐकू नका. टाकीत हात घालणं, बाहेर काढून बघणं, शेजाऱ्यांना दाखवणं, सगळं थांबवा. तीन बाजूंनी चादर लावा. खोली २० अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. गरम पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून टाकीच्या बाहेरून टेकवा, आत नको, कारण या प्राण्यांना अंगाला चटका बसतोय हे वेळेवर कळत नाही. दिवा रात्री बंदच हवा. अंधार नसेल तर त्यांना झोप येत नाही.

एक बादली घ्या. बांधकामाची वाळू चाळून, तीन-चार पाण्यांनी धुऊन, थोडी कुंडीतली साधी माती मिसळून (खत नको) एक फूट खोल भरा. इतकीच ओली करा की बोटाने केलेलं भोक ढासळणार नाही. त्यात एक काडी तिरकी रोवून राजाला अलगद वर ठेवा आणि खोलीतून निघून जा. तिच्यात जीव असेल तर ती खणेल. बोगदा करून त्यात उतरेल, तोंड बाहेर काढून पाहील. कुणी बघतंय असं दिसलं तर काम सोडून देते, आणि पुन्हा सुरू करेलच असं नाही. सकाळपर्यंत अंडी घातली तरीही डॉक्टरकडे जायचंच, कारण काही आत राहिली असतील. आणि नाही घातली तर बादलीपाशी आणखी एक दिवस घालवायचा नाही. खणणारी, डोळे उघडे असलेली मादी असती तर मी म्हटलं असतं, दोन दिवस एकांत द्या. तुमची ती वेळ उलटून गेली आहे.

डॉक्टर निवडताना गाडी काढण्याआधी फोन करा. नाशिकमध्ये कुत्र्या-मांजरांचे चांगले डॉक्टर कमी नाहीत, पण सरड्यांवर हात बसलेले मोजके. फोनवर सरळ विचारा: शॅमेलिऑन तपासलाय का, एक्स-रे आहे का, अंडी अडकली असतील तर शस्त्रक्रिया करता का. पहिल्याला 'नाही' आणि दुसऱ्याला 'हो' असं उत्तर आलं तरी जा. एक्स-रे इथे काढा, तो मोबाइलवर मुंबई किंवा पुण्यातल्या पक्षी-सरडे पाहणाऱ्या डॉक्टरांना पाठवा आणि त्यांनी 'या' म्हटलं तर त्याच दिवशी निघा. 'मला यातलं कळत नाही' असं प्रामाणिकपणे सांगणारा डॉक्टर तुम्हाला थेंब देणाऱ्यापेक्षा जास्त उपयोगाचा आहे.

ते काय करतील? आधी पाणी आणि कॅल्शिअम, बहुतेक इंजेक्शनने. मग ऊब. अंडी पुढे सरकण्यासारखी असतील तर तशी संधी देतील. गाईला कळा येण्यासाठी देतात ते ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन सरड्यांमध्ये भरवशाचं नाही, म्हणून 'एक इंजेक्शन द्या आणि मोकळे व्हा' असा आग्रह धरू नका. नाहीतर भूल देऊन पोट उघडावं लागतं. अशक्त जनावराला भूल देण्यात धोका असतो हे ते सांगतील, आणि खरंच सांगतील. थांबण्यातला धोका माझ्या मते त्याहून मोठा आहे. खर्च आधी विचारा. शस्त्रक्रियेचा आकडा तो प्राणी घेतला त्यापेक्षा जास्त असेल, आणि घरात त्यावरून वाद होतील. ते आज रात्रीच उरकून टाका. दवाखान्याच्या ओट्यावर नको.

सोबत न्यायच्या वस्तू: टाकीचा आणि दिव्याचा फोटो, पावडर देत असाल तर तिचा डबा, आणि शी सापडली तर ती छोट्या पिशवीत. शीचा पांढरा भाग पांढराच आहे की पिवळा-नारिंगी झालाय ते पाहा. नारिंगी असेल तर अंगात पाणी कमी आहे. तुमच्या पत्रात पाण्याचा उल्लेखच नाही, म्हणून विचारतो: वाटीत ठेवत होतात का? शॅमेलिऑनला वाटीतलं साठलेलं पाणी बहुधा पाणी म्हणून कळतच नाही. तो पानावरचे थेंब चाटतो. सकाळ-संध्याकाळ पानांवर फवारा मारायला हवा. बऱ्याच घरांत हा प्राणी भरल्या वाटीशेजारी तहानेने सुकतो.

आता मूळ दुखण्याकडे येतो, कारण अंडी अडकली ती उगाच नाही. तुमच्या दुसऱ्या फोटोत पुढचा पाय कोपराखाली धनुष्यासारखा वाकलेला दिसतो. तो जन्मजात नाही. हाडांत कॅल्शिअम कमी पडलं आहे. शॅमेलिऑनला खाण्यातून कॅल्शिअम मिळालं तरी ते अंगी लागायला उन्हातले यूव्हीबी किरण हवेत. ते त्वचेवर पडले की शरीर व्हिटॅमिन ड तयार करतं. हे किरण खिडकीच्या साध्या काचेतून जवळजवळ आत येतच नाहीत. म्हणजे सकाळचं ते ऊन तुमच्या डोळ्यांना ऊन आहे, तिच्या हाडांना नाही. पिवळ्या बल्बचंही तेच, उष्णता देतो, यूव्हीबी देत नाही. रातकिड्यांमध्ये मुळातच कॅल्शिअम कमी आणि फॉस्फरस जास्त, म्हणून त्यांच्यावर कॅल्शिअमची पावडर भुरभुरून द्यावी लागते. हे सगळं राहिलं की शरीर हाडांतून कॅल्शिअम काढू लागतं. जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, पकड सुटते, जीभ किड्यापर्यंत पोचत नाही, पुढे हात थरथरतात. त्यातच मादीने अंडी धरली की उरलंसुरलंही तिकडे जातं, आणि अंडी ढकलायच्या वेळी स्नायूंना बळ उरत नाही.

यात तुमच्या मुलाची चूक किती? थोडी. विकणाऱ्याने नर-मादी ओळखून दिली असती आणि एक यूव्हीबी ट्यूब घ्या म्हटलं असतं तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

ती वाचली तर टाकी बदला. जाळीचा उंच पिंजरा, आत खरी झाडं, वर यूव्हीबी ट्यूब, आणि शेकायला एका फांदीवर २८ अंशांच्या आसपास ऊब. ट्यूब जळत राहिली तरी तिचे किरण हळूहळू कमी होतात, म्हणून ६ ते १२ महिन्यांनी ती बदलावी लागते, ट्यूब चांगली दिसते म्हणून थांबायचं नाही. वाळूची बादली कायम पिंजऱ्यात. खाणं मोजून, कारण भरपूर खाऊ घातलेल्या माद्या जास्त अंडी धरतात. आणि ग्रॅम दाखवणारा एक काटा. दर रविवारी वजन, वहीत नोंद. वजन दहावा हिस्सा उतरलं तर डोळे मिटायची वाट न बघता दवाखाना.

मामाच्या बागेतले नाकतोडे आजपासून बंद. ऑक्टोबरच्या छाटणीपासून द्राक्षं उतरेपर्यंत बागेत किती फवारण्या होतात ते मामांनाच विचारा. पोटात औषध घेऊन फिरणारा नाकतोडा तुम्ही राजाला भरवताय. तिच्या आजारात त्याचा वाटा असेलच असं म्हणत नाही, पण डॉक्टरांना हे जरूर सांगा. जाता जाता, पावसाच्या तोंडावर भंडारदऱ्याला काजवे बघायला गेलात तर एकही घरी आणू नका. काही जातींच्या काजव्यांत सरड्यांना मारण्याइतकं विष असतं.

बाकीच्या वाचकांसाठी थोडं. अंग गार असताना तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, डोकं वर करून बसणं, श्वासाबरोबर टकटक किंवा बुडबुड्यांसारखा आवाज, नाकातोंडाशी चिकट स्राव, ही फुप्फुसाच्या संसर्गाची लक्षणं आहेत. आपल्याकडे हिवाळ्यात रात्री फवारा मारून पिंजरा प्लॅस्टिकने झाकणाऱ्यांकडे हे हमखास दिसतं. भर मे महिन्यात तोंड उघडलं तर मात्र आधी सावली द्या, कारण तेव्हा ते उकाड्याने असू शकतं. जबड्याशी सूज किंवा पिवळट पू, एकच डोळा सुजून बंद होणं, नेम चुकणारी जीभ, यांपैकी काहीही दिसलं तरी दवाखाना. घरात कुत्र्याची उरलेली अँटिबायोटिक गोळी असेल तर ती कुत्र्यालाच ठेवा. आणि हळद नको.

सासूबाईंना सांगा, घोयरा विषारी नसतो. आपल्याकडच्या बागांतून, बाभळींवरून दिसणारा सरडगुहिरा, म्हणजेच देशी घोयरा, वेगळा, तुमचा येमेनी वेगळा. विषारी दोन्ही नाहीत. पण सरड्यांच्या अंगावर साल्मोनेला हा जंतू असू शकतो, म्हणून हाताळल्यावर हात साबणाने धुवा आणि टाकी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये घासू नका. सासूबाईंचं एक मात्र खरं: देशी घोयरा घरात ठेवायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो संरक्षित आहे, पकडणं आणि पाळणं गुन्हा. शेतात जखमी सापडला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. तुमच्या परदेशी शॅमेलिऑनचीही २०२२ च्या दुरुस्तीनंतर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. दुकानदाराने कागद दिले नसतील तर हे प्रकरण निस्तरायचं आहे, पण या आठवड्यात नाही.

राहिला मुलगा. त्याला खरं सांगा, पण 'तुझ्यामुळे' हा शब्द काढू नका. ती वाचेलच असं मी लिहून देऊ शकत नाही. एक आठवडा गेलाय. डॉक्टर म्हणाले की आता काही होण्यासारखं नाही, तर भूल देऊन शांतपणे संपवणं हाही उपचारच आहे, तो त्यांच्या हातून होऊ द्या. फ्रीजरमध्ये ठेवतात असं कुणी सांगेल, तसं करू नका. त्यात हाल होतात. आणि ती गेली तर त्याच आठवड्यात दुसरा शॅमेलिऑन आणायचा नाही, तो स्वतः मागत असला तरी.

पण उद्या त्याला शाळेत पाठवू नका, बरोबर न्या. डॉक्टरांना कधी काय खाल्लं, कधी खरवडायला लागली, हे त्याच्याइतकं नीट कुणी सांगू शकणार नाही. बोलत नाही म्हणता ना, तिथे बोलेल. झाकणाला भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा डबा घ्या, आत मऊ टॉवेल आणि धरायला एक आडवी काडी, वरून कापड. गाडीचा एसी बंद. मुंबईला जावं लागलं तर डबा त्याच्या मांडीवर द्या आणि एवढंच सांगा, कसारा घाटात वळणांवर तो तिरका होऊ द्यायचा नाही.